मेहेरातली खजुरी

झुवैना बहिणीच्या बाळंतपणासाठी सूरला गेली त्याच्या सहाव्या दिवशी सकाळी नबहान मास्तर अंगणात दात घासत उभे होते, आणि त्यांना खजुरीचं एक पान पिवळं दिसलं. एकच. खालच्या वेढ्यातलं, भिंतीकडे वळलेलं. मास्तरांनी तिथेच चूळ भरून शाळेचे कपडे घातले असते तर सगळ्यांचंच भलं झालं असतं. पण मास्तर एकोणीस वर्षं मुलांना भूगोल शिकवत होते. वाळवंट, पर्जन्यमान, खारट जमीन हे सगळं त्यांच्या जिभेवर होतं. अशा माणसाला पिवळ्या पानाकडे नुसतं बघून आत जाता येत नाही. त्याला कारण शोधावं लागतं, आणि कारण सापडलं की उपाय करावा लागतो. एवढं सगळं एका पानाला पेलणार नव्हतं, पण ते पानाला कुणी विचारलंच नाही.

शिवाय ही खजुरी म्हणजे काही रस्त्याकडेचं झाड नव्हतं. ओमानमधल्या सिदरा गावात जमीन एकाची आणि तिच्यावरची खजुरी दुसऱ्याची, असं सर्रास असतं. मास्तरांच्या अंगणातली ही खलास जातीची खजुरी झुवैनाच्या मेहेरातली, म्हणजे निकाहाच्या वेळी नवऱ्याने बायकोला द्यायच्या ऐवजातली होती. बावीस वर्षांपूर्वी निकाहाच्या कागदावर अंगठ्या-बांगड्यांच्या खाली एक ओळ होती, ‘खलास खजुरी, एक, निरोगी’, आणि त्या ओळीवर काझींची सही होती. सोनं पुढे घर बांधताना गेलं, बांगड्या मुलीच्या, रय्याच्या आजारपणात गेल्या. झुवैनाने एका शब्दानेही कधी विषय काढला नाही. खजुरी मात्र राहिली. तिचा पहिला घोस झुवैना स्वतःच्या हाताने उतरवायची, कुणाच्या घरी किती खजूर जायचा ते तीच ठरवायची, आणि त्या एका बाबतीत मास्तरांचं मत घरात कुणी मागत नसे.

जाताना तिने गॅसबद्दल सांगितलं, दळणाबद्दल सांगितलं, रय्याच्या दहावीच्या चाचणीबद्दल तीनदा सांगितलं. खजुरीबद्दल काहीच सांगितलं नाही. गाडीत बसण्याआधी फक्त खोडावर हात ठेवला, आणि मास्तरांकडे बघितलं. बस. ते बघणं मास्तरांच्या चांगलं लक्षात होतं. चाळीस दिवसांनी ती परत येणार होती, आणि तेव्हा तिची खजुरी तिला जशीच्या तशी परत द्यायची होती.

मास्तरांनी पहिलं निदान केलं ते तहान. रोज संध्याकाळी शाळेतून आले की चहाच्या आधी नळी लावायची आणि आळं काठोकाठ भरेपर्यंत उभं राहायचं. आठवड्याने तीन पानं पिवळी झाली. तेव्हा मास्तरांनी सकाळीही पाणी द्यायला सुरुवात केली.

भिंतीवरून हे सगळं खलफान काका बघत होते. खलफान काका म्हणजे शेजारी. तीस वर्षं लष्करात ट्रक चालवून आता निवृत्त झालेले. त्यांच्या दाढेखाली दिवसभर भोपळ्याच्या भाजलेल्या बिया असत, आणि जगातला प्रत्येक आजार त्यांना इंजिनाचाच आजार वाटे. स्वतःच्या मधुमेहाला ते टाकीत कचरा गेलाय म्हणत. त्यांनी खजुरीभोवती एक फेरी मारली, खोडावर टिचकी मारली आणि सांगितलं की पाणी घालून काय होणार, पाणी रेडिएटरला लागतं, हिचं तेलच संपलंय. तेल म्हणजे सुकवलेल्या तारल्या, तेलकट मासे. पूर्वीचे लोक काय करत? समुद्रावरून उंटावर लादून तारल्या आणत आणि खजुरीच्या मुळाशी पुरत. त्या खजुऱ्या कशा वाढल्या ते बघा. कुठे बघायच्या ते त्यांनी सांगितलं नाही, पण दुपारी अर्धं पोतं तारल्या घेऊन आले.

तारल्या पुरण्याचंही एक शास्त्र असतं. खोडापासून चार हात लांब, कमरेएवढा खड्डा, वर माती दाबून. हे मास्तरांना नंतर कळलं. त्या दिवशी ऊन होतं, फावडं बोथट होतं आणि काका भिंतीवर बसून नुसत्या सूचना देत होते. खड्डा वीतभर झाला आणि खोडाला चिकटून झाला. वर आळ्यातलं रोजचं पाणी.

तिसऱ्या दिवशी अंगणात अकरा मांजरं होती. रय्याने ती मोजून वहीत लिहिली, कारण तिला जीवशास्त्राला काहीतरी निरीक्षण द्यायचं होतं. मांजरं रात्रंदिवस उकरत, भांडत, आणि उकरलेलं मास्तरांच्या चपलांजवळ आणून खात. वासाबद्दल काय बोलावं. टपालवाल्याने पत्रं फाटकाबाहेरून टाकायला सुरुवात केली. शाळेत पाचवीच्या वर्गात कुणीतरी फळ्यावर मासा काढला. मास्तरांनी तो पुसला, मुलांकडे बघितलं नाही आणि ‘ओमानचे मत्स्यव्यवसाय’ हा धडा दोन आठवडे पुढे ढकलला.

वासाची तक्रार घेऊन आल्या त्या मौझा काकू, म्हणजे खलफान काकांच्याच बायको. पोतं आपल्याच घरातून आलंय हे त्यांना माहीत नव्हतं, आणि काका त्या वेळी भिंतीवरून खाली उतरले होते. काकू नाकावर ओढणी धरून रागावायला आल्या आणि खजुरी बघून मायेने थांबल्या. पाच पानं पिवळी. त्यांनी एकदाच मान हलवली आणि निदान केलं. दृष्ट लागली.

कुणाची, हे शोधायला त्यांना कॉफीचा एक पेला पुरला. गेल्या वर्षी खजुरीला अकरा घोस लागले होते. ईदला कोण आलं होतं? अंगणात उभं राहून वर बघून “काय खजुरी आहे” असं कोण म्हणालं होतं? हारिब सर. मास्तरांच्या शाळेचे मुख्याध्यापक. काकूंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं आणि कौतुकाची दृष्ट लागू नये म्हणून म्हणायचं ‘माशाल्ला’ त्यांना ऐकू आलं नव्हतं.

मास्तर शिकलेले होते. त्यांनी हसून सोडून दिलं. मग अंगणात गेले, सहावं पान बघितलं, आणि आत येऊन काकूंना विचारलं की उपाय काय असतो, नुसती माहिती म्हणून.

उपाय सोपा होता. ज्याची नजर लागली त्याच्या उष्ट्या पेल्याचं पाणी झाडाच्या मुळाशी घालायचं. त्याला कळता कामा नये. बाकी काही नाही.

म्हणून मास्तरांनी हारिब सरांना कॉफीला बोलावलं. ईद सोडून एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच, म्हणून सरांनाही ते जरा विशेष वाटलं आणि ते इस्त्रीचा झगा घालून, अत्तर लावून आले. फाटकाशी त्यांनी नाक किंचित आखडलं, पण सुसंस्कृत माणूस, काही बोलले नाहीत. रय्याने हलवा ठेवला, खजूर ठेवला. मास्तरांनी कॉफी ओतली. पेले विसळायचं वाडगं नेहमीप्रमाणे शेजारी होतंच, त्यामुळे कुणाला काही संशय यायचं कारण नव्हतं. सर बदलीच्या नियमांबद्दल बोलत होते. तिसऱ्या पेल्यानंतर त्यांनी पेला हलवला, म्हणजे पुरे. मास्तरांनी तो घेतला, वाडग्यात विसळला, आणि वाडगं उचलून “आलोच” म्हणून बाहेर गेले.

इथे घाई झाली. सर जाईपर्यंत थांबायला हवं होतं. पण मौझा काकू मागच्या दाराशी उभ्या राहून हातांनी खुणा करत होत्या की थंड व्हायच्या आत, थंड व्हायच्या आत. बैठकीची खिडकी अंगणावर उघडत होती. सरांना आणखी अर्धा पेला घ्यावासा वाटला, मास्तर कुठे गेले म्हणून त्यांनी खिडकीतून बघितलं, आणि त्यांना दिसलं की आपला भूगोलाचा शिक्षक अकरा मांजरांच्या घोळक्यात वाकून आपल्या पेल्याचं विसळलेलं पाणी खजुरीच्या मुळाशी घालतोय, आणि एक बाई ओढणीआड काहीतरी पुटपुटतायत. सर परदेशातून आलेले नव्हते. त्यांच्या आजीने हेच केलेलं त्यांनी लहानपणी बघितलं होतं.

मास्तर आत आले तेव्हा सर चपला घालत होते.

“मी माशाल्ला म्हणालो होतो, मास्तर,” ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता. “दोनदा म्हणालो होतो.”

मास्तर शाळेच्या बसची आणि उन्हाची चौकशी करू लागले. सर ऐकायला थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून हारिब सर मास्तरांच्या कुठल्याही वस्तूकडे बघेनासे झाले. हजेरीपट पुढे ठेवला की ते खिडकीबाहेर बघून सही करत. शिक्षकांच्या खोलीत मास्तरांनी डबा उघडला की सर हाताने डोळे झाकत आणि शांतपणे म्हणत, नको बाबा, तुमच्या अंड्याला काही झालं तर माझ्यावर यायचं. मास्तरांची नवी गाडी, मास्तरांचा पेन, मास्तरांनी काढलेला अरबस्तानचा नकाशा, सगळ्याला हेच. अख्खा शिक्षकवर्ग हसत होता आणि मास्तरही हसत होते, कारण दुसरं काय करणार. घरी येऊन मात्र ते दिवा न लावता बराच वेळ बसून राहत.

आणि रोज दुपारच्या नमाजानंतर झुवैनाचा फोन यायचा. बाळ कसं आहे, बहीण कशी आहे, रय्याने अभ्यास केला का, हे झालं की ती विचारायची, खजुरी कशी आहे. मास्तर खोटं बोलत नसत. ते म्हणत, हवामानाच्या मानाने ठीक आहे. किंवा, ऋतू बदलतोय. किंवा, उंची तेवढीच आहे. झुवैना तिकडून “हो का” म्हणायची आणि फोन ठेवायची.

आता खलफान काकांना वाईट वाटत होतं, कारण तारल्यांचा गुण आला नव्हता आणि बायकोला पोत्याचा पत्ता लागला होता. त्यांनी प्रकरण नव्याने हाती घेतलं. एका शुक्रवारी त्यांनी खोडाला कान लावला. बराच वेळ लावला. मग तोंडातल्या बिया चावत, अगदी गंभीर चेहऱ्याने मास्तरांना पलीकडच्या बाजूने कान लावायला सांगितलं.

मास्तरांनी लावला. आत कुरकुर कुरकुर ऐकू येत होतं.

लाल सोंड्या भुंगा. ओमानातल्या शेंबड्या पोरालाही हे नाव माहीत असतं. भुंग्याच्या अळ्या खोडाच्या आत राहतात, आतून खातात, बाहेर काही दिसत नाही, आणि एक दिवस झाड उभ्या उभ्या मोडतं. मास्तरांनी पुन्हा कान लावला. कुरकुर चालूच होती. काका पलीकडून म्हणाले, ऐकलंत ना. ते बोलले तेव्हा कुरकुर थांबली. बोलून झाल्यावर पुन्हा सुरू झाली. हे मास्तरांच्या लक्षात यायला हवं होतं, पण भ्यायलेल्या माणसाला लक्षात येणं जरा कठीण जातं.

दुसरी भीती त्याहून मोठी होती. भुंगा लागला असं शेतकी कचेरीला कळलं की माणसं करवत घेऊन येतात, झाड तोडतात आणि तिथल्या तिथे त्याचा भुगा करतात. कुणाचं आहे, कुठल्या कागदात लिहिलंय, विचारत नाहीत. म्हणजे कळवलं तर खजुरी गेली आणि नाही कळवलं तर भुंगा खाणार. मास्तर त्या रात्री वर्गपाठ तपासायला बसले आणि एका मुलाच्या वहीत ‘खजूर हे वाळवंटातील टिकाऊ झाड आहे’ या वाक्यापुढे त्यांनी लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं.

काकांचा तोडगा तयार होता. भुंगा पानांच्या देठांतून शिरतो. पानंच ठेवायची नाहीत. गाडीला आग लागली की आपण सामान बाहेर फेकतो की नाही, तसं. मास्तर अडवतील म्हणून काका ते शाळेत असताना आले, कमरेला चढायचा पट्टा बांधला आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना सरसर वर गेले. त्याबद्दल गावाने नंतर त्यांचं फार कौतुक केलं. खालचे दोन वेढे उतरवायचे ठरवून गेले होते. पण वर वारा छान होता, विळा धारदार होता, आणि खालून चार लोक बघत होते. मास्तर परत आले तेव्हा अंगणभर हिरवी पानं पडली होती आणि खजुरीच्या डोक्यावर मोजून नऊ शिल्लक होती. नुकताच भरती झालेला शिपाई न्हाव्यापुढून उठतो ना, अगदी तशी दिसत होती बिचारी. मांजरं सावली शोधत मास्तरांच्या पलंगाखाली येऊन बसली होती.

मास्तर पायरीवर बसले. काका पट्टा सोडत म्हणाले की आता हिला हवा लागेल. मास्तरांना वर मधोमध असलेला कोवळा कोंब दिसत होता, नेहमी भाल्यासारखा ताठ असणारा. तो एका बाजूला कलला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं की करवत तर करवत, शेतकी कचेरीत जायचं. रजेचा अर्ज केला. हारिब सरांनी अर्ज पाहायला नकार दिला, कारण त्यांनी पाहिला आणि खजुरी मेली तर. न पाहता मंजूर करता येत नाही, असा नियम होता. पाहून मंजूर करायचं तर सरांची अट होती की मास्तरांनी आधी लेखी द्यावं, ‘मुख्याध्यापकांच्या नजरेबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही’. मास्तरांनी ते लिहून दिलं. दोन प्रतींत दिलं.

कचेरीत खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज घेतला, संगणकात घराचा क्रमांक घातला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, मास्तर, तुमच्या नावावर एकही खजुरी नाही.

मास्तरांनी सांगितलं की माझ्या अंगणात आहे.

कारकून म्हणाला, अंगण तुमचं असेल. खजुरी झुवैना बिन्त सालिम यांची आहे. दोन वर्षांपूर्वी खजुरींची मोजणी झाली तेव्हा तशी नोंद झालीय. मास्तरांना आठवलं, मोजणीवाली बाई आली तेव्हा ते झोपले होते आणि दार झुवैनाने उघडलं होतं. कारकुनाने नियम वाचून दाखवला. आजाराची तक्रार मालकाने करायची, किंवा मालकाच्या सहीने दुसऱ्या कुणी. मग त्याने पेन्सिल हातात घेऊन अगदी आपुलकीने विचारलं, “तुम्ही त्या झाडाचे कोण लागता, ते इथे भरायचंय.”

मास्तरांनी विचार केला. बावीस वर्षं ते पाहुण्यांना “माझी खजुरी” म्हणून दाखवत आले होते. नवरा म्हणावं तर झाडाचे ते नवरे नव्हते.

“शेजारी लिहू का?” कारकुनाने सुचवलं.

मास्तरांनी मान हलवली. शेजारी लिहिलं गेलं.

घरी येऊन त्यांनी रय्याला समोर बसवलं. गेल्या तीन आठवड्यांत ते तिच्याशी नीट बोललेच नव्हते. आता त्यांनी वर्गात शिकवतात तसं सगळं क्रमाने सांगितलं. आईची सही लागेल, म्हणजे आईला सांगावं लागेल, म्हणजे आज फोन आला की आपण दोघांनी मिळून हळूहळू, तिला धक्का न बसेल अशा बेताने...

“बाबा,” रय्या म्हणाली, “आईला मी पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलंय. तारल्या पुरल्या तेव्हाच. काल पानांचे फोटो पण पाठवले.”

मास्तरांनी मनातल्या मनात पंधरा दिवसांचे फोन आठवून बघितले. हवामानाच्या मानाने ठीक. हो का. ऋतू बदलतोय. हो का. उंची तेवढीच आहे. ते उठले, आत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा येऊन बसले. तिने काय म्हटलं, त्यांनी विचारलं. रय्या म्हणाली, आई म्हणाली, बाबांना स्वतः सांगू दे. पण काल फोटो बघितल्यावर म्हणाली, आता नको थांबायला.

झुवैना दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या गाडीतून उतरली. बॅग आत नेली नाही. थेट अंगणात गेली, खजुरीकडे खालून वर बघितलं, आळ्यातल्या पाण्यात पाऊल टाकलं आणि खोडावर हात ठेवला. मग आत जाऊन तिने कचेरीच्या कागदावर सही केली. मास्तरांना ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने त्यांच्या ताटात पोळी वाढली, रय्याला वेणी घातली, बहिणीच्या बाळाचं नाव सांगितलं.

दुपारी कचेरीतून राहमा नावाची इंजिनियर बाई आली. पंचविशीची, पायांत मळलेले बूट, गळ्यात डॉक्टरांसारखं खोडाला लावून ऐकायचं यंत्र. सगळी गल्ली गोळा झाली. खलफान काका मानकऱ्यासारखे पुढे उभे होते. बाईने यंत्र लावलं, डोळे मिटले आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. गल्ली गप्प झाली. कुरकुर सगळ्यांनाच ऐकू आली, यंत्राशिवाय.

बाईने डोळे उघडले आणि काकांकडे बघितलं.

“काका, तोंडातलं आधी थुंका.”

काका थुंकले. कुरकुर थांबली. बाईने खोड चारी बाजूंनी ऐकलं, देठांच्या बुंध्यात बोट घालून बघितलं, सुरीने एका जागी खरवडलं, वास घेतला. भुंगा नव्हता. एकही नव्हता. अजून तरी नाही, ती म्हणाली, पण ओल्या हिरव्या जखमांचा वास त्यांना फार लांबून येतो, तेव्हा हे ज्याने कापलं त्याला माझा सलाम सांगा. काका मांजरांकडे बघू लागले.

मग तिने वही काढली आणि काय काय केलं ते विचारलं. मास्तर उभे राहिले. रोज पाणी, दोनदा. तारल्या, अर्धं पोतं, खोडाशी. पेल्याचं पाणी, हे त्यांनी जरा भरभर सांगितलं, पण बाईने पुन्हा विचारून लिहून घेतलं. छाटणी. मुळाशी टाकलेलं मीठ, हे मौझा काकूंनी मागून सांगितलं आणि मास्तरांनाही तेव्हाच कळलं. पान उलटून बाईने पुढच्या पानावर लिहिलं.

“आणि आधी काय झालं होतं? पहिल्यांदा?”

“एक पान पिवळं झालं होतं.”

“कुठलं?”

“खालचं.”

बाईने वही मिटली. तिला बहुधा हसायचं होतं, पण समोर झुवैना उभी होती. “ते म्हातारं झालं होतं, मास्तर,” ती म्हणाली. “खालची पानं म्हातारी होतात.”

मास्तरांना वाटलं, या क्षणी हारिब सरांनी आपल्याकडे एकदा नीट बघावं आणि काय व्हायचं ते होऊ द्यावं.

आता काय करायचं, तर काही नाही. बाईने तीनदा सांगितलं. तारल्या उकरून बाहेर काढायच्या, आळं कोरडं होऊ द्यायचं, आणि मग चाळीस दिवस काही करायचं नाही. पंधरा दिवसांनी एकदा खोलवर पाणी, तेही मी येऊन सांगेन तेव्हा. पान तोडायचं नाही, खत नाही, मीठ नाही, पेले नाहीत. जगेल का, ते आज सांगता येत नाही. कोंब सरळ झाला तर जगली. तिने खजुरीभोवती तीन मीटरवर पिवळी पट्टी बांधली आणि कागदावर लिहिलं की मालकाखेरीज कुणीही आत जायचं नाही. पट्टी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. मास्तरांना आता चहासाठी घराला वळसा घालून जावं लागणार होतं.

गल्ली पांगली. मांजरं तारल्यांच्या मागे गेली. मास्तर पट्टीबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले. एवढ्या दिवसांत ते पहिल्यांदाच हात मोकळे ठेवून बसले होते, आणि हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. झुवैना पट्टी ओलांडून आत गेली आणि खोडाला पाठ लावून उभी राहिली.

“मी म्हटलं, तू येईपर्यंत बरी करावी,” मास्तर म्हणाले.

“माहीत आहे.”

“मेली तर?”

तिने वर कोंबाकडे बघितलं. “मेली तर मेहेर अपुरं राहिलं, रय्याच्या बाबा. मग नवी लावून द्यावी लागेल. माझ्या भावांना येऊन पुन्हा विचारावं लागेल.” मग, जराही न हसता, “आणि या वेळी मी लगेच हो म्हणणार नाही.”

मास्तरांनी मान डोलावली. हे त्यांना योग्य वाटलं.

फाटकाशी खाकरल्याचा आवाज आला. खलफान काका बाहेर उभे होते, झग्याच्या बाहीत काहीतरी बाटली धरलेली. त्यांच्या एका लष्करातल्या मित्राने सांगितलं होतं की सिरका आणि डिझेल समप्रमाणात घेऊन बुंध्याला चोळलं की, मास्तर, तुमची खजुरी चार दिवसांत...

“माझी नाही, काका,” मास्तर खुर्चीतून न उठता म्हणाले. “मी तिचा शेजारी आहे. मालकीणबाई त्या आत उभ्या आहेत, त्यांना विचारा.”

काकांनी पट्टीपलीकडे उभ्या असलेल्या झुवैनाकडे बघितलं. मग बाटली बाहीत आणखी आत सरकवली, सलाम केला आणि घरी गेले.